रंगीत नूडल्स आणि ह्यांचं नाक

शनिवार, १ मार्च

सकाळपासून घसा खवखवतोय. ह्यांना सांगितलेलं नाही.

सांगितलं असतं तर पुढचं सगळं मला पाठ आहे. ह्यांची उशी हॉलमध्ये, माझा टॉवेल वेगळ्या खुंटीवर, खिडक्या सताड उघड्या आणि "तू आतच थांब, मी पाणी दारात ठेवतो." लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक सर्दीला हेच. त्यांची तरी काय चूक? बिस्किटांच्या कारखान्यात ह्यांचं पोट नाकावर चालतं. लोणी, तेल, बदाम, जे काही आत येतं ते आधी ह्यांच्या नाकाखालून जातं. तेल खवट व्हायच्या आठवडाभर आधी ह्यांना कळतं. तिथे सगळे 'नाकसाहेब' म्हणतात. सर्दी झाली की नाकसाहेबांचं कामच बंद. हे सगळं मला समजतं. तरी दारात ठेवलेलं पाणी प्यायचा कंटाळा आलाय.

त्यातून आज नाटकाची तिकिटं होती. कितीतरी महिन्यांनी दोघंच बाहेर. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, पर्समध्ये गोळ्या टाकल्या आणि निघाले. मध्यंतरात कॉफीला एवढी रांग की एकच कप हाती लागला. आलटून पालटून प्यायलो. माझ्या हातातून कप घेताना हे म्हणाले, "बरं वाटतं गं असं बाहेर पडलं की." मी नुसती मान हलवली. बोलले असते तर बसलेला आवाज कळला असता.

साधी खवखव तर आहे. उद्या जाईल.

गुरुवार, ६ मार्च

माझी खवखव गेली. ह्यांना ताप भरलाय.

आपणहून हॉलमध्ये झोपायला गेले. तिथूनच ओरडले, "ही कॉलेजातून काय काय घेऊन येते! परवा टेबलावर बसून शिंकत होती!" लेक स्वयंपाकघरात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मी मिरपूड दळत होते." "मिरपुडीने कुणाला ताप येत नाही!"

तिने माझ्याकडे बघितलं. मी दूध उतू जातंय का ते बघत होते. दूध गॅसवर ठेवून मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

बोलेन. ताप उतरला की बोलेन. तापात माणसाला कशाला आणखी तापवायचं.

मंगळवार, ११ मार्च

ताप उतरला. सकाळी हे कॉफीचा डबा उघडून उभे राहिले ते हलेचनात. मग लसूण ठेचून हुंगला. व्हिनेगरची बाटली घेतली. बाथरूममध्ये गेले, साबण नाकाला लावून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा नाकाच्या शेंड्याला फेस लागलेला. लेकीला हसू आलं, मलाही आलं असतं.

"काही नाही," म्हणाले. "पांढऱ्या भिंतीसमोर उभं केल्यासारखं वाटतंय."

मग रजेचा अर्ज लिहायला बसले. आजही मी बोलले नाही.

मंगळवार, १८ मार्च

नाकाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेलो होतो. चांगल्या आहेत, घाबरवत नाहीत. म्हणाल्या, "विषाणूने वासाच्या नसा दुखावल्या आहेत. वास परत येतो बहुतेक वेळा, पण कधी ते सांगता येत नाही. तोवर जेवण सोडू नका. गोड, आंबट, खारट, तिखट हे जिभेला कळेल. कुरकुरीत, मऊ, गार कळेल. आणि डोळे आहेतच की! ताट रंगीत ठेवा."

मग कागदावर लिहीत विचारलं, "घरात आधी कुणाला झालं होतं?"

"मुलीला," हे म्हणाले.

मी पर्सची चेन लावत होते. ती लागूनही मी लावतच राहिले.

बाहेर औषधं मिळेपर्यंत बसलो होतो, तिथे एक जुनं मासिक पडलं होतं. त्यात पूर्वेकडच्या धर्तीचं नूडल्सचं गार सॅलड. काय फोटो होता! जांभळा कोबी, केशरी गाजर, हिरवी काकडी, लाल-पिवळी ढोबळी मिरची, मधोमध पांढऱ्याशुभ्र नूडल्स. पडद्यांच्या दुकानात मी दिवसभर रंग जुळवते. पण असे रंग कुणी शेजारी लावून मागितले तर मीच त्यांना नको म्हटलं असतं. इथे मात्र काय शोभत होते. इकडे तिकडे बघितलं आणि खोकल्याच्या आवाजात पान फाडून पर्समध्ये घातलं. म्हणजे आता चोरीसुद्धा.

घरी येऊन बघते तर शेवटी छापलंय, 'सॉसची कृती पुढील पानावर'. पुढील पान तिकडेच राहिलं. चोरीसुद्धा धड जमली नाही.

शुक्रवार, २१ मार्च

पहिला प्रयत्न. तांदळाच्या नूडल्स उकळत्या पाण्यात घातल्या, ढवळल्या, निथळल्या आणि भाज्या चिरायला बसले. परत बघते तर त्यांचा एक गोळा झालेला. उलटा केला तर चाळणीची नक्षीसुद्धा उमटलेली. लेक म्हणाली, "आई, ह्याने भांडी घासू का?" या घरात दोन आठवड्यांत झालेला पहिला विनोद. दुसऱ्या पुडीच्या वेळी पाणी उकळून गॅस बंद केला, मग नूडल्स बुडवल्या, गार पाण्याखाली धुतल्या आणि चमचाभर तिळाचं तेल चोळून ठेवल्या. एकेक मोकळी राहिली.

सॉस अंदाजपंचे. सोया सॉस, व्हिनेगर, मध, किसलेलं आलं, ठेचलेला लसूण, तिळाचं तेल. वरून कोथिंबीर, पुदिना, भाजलेले शेंगदाणे आणि तीळ. कालवताना व्हिनेगर लागून जांभळा कोबी कडेकडेने गुलाबी झाला. मी कौतुकाने बघतच राहिले.

ताट ह्यांच्यासमोर ठेवलं आणि उभी राहिले. हे आधी ताटाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"काय काय घातलंयस?"

मी सगळं सांगितलं. एक घास घेतला. चावला. पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"आलं छान लागतंय," म्हणाले. "आणि तीळ. तिळाचा थोडासा वास येतोय."

आत जाऊन नळ सोडला आणि रडले. येतोय! परत येतोय! मग तो विषय काढायची गरजच काय उरली?

बुधवार, २६ मार्च

दुकानातून येताना रोज मंडईत जाते. आज फरसबी उकडून घातली, कच्चा आंबा किसून घातला. दर दिवसाआड सॅलड. हे रोज काय घातलंय ते विचारतात आणि बरोबर ते ते ओळखतात. पुदिना ओळखला. लसूण ओळखला. परवा तर म्हणाले, "मध जरा वेगळा वाटतोय." मध तोच होता, पण नाक नव्याने शिकतंय, होईल असं.

आज एक गंमत झाली. जेवणं झाल्यावर फ्रिज उघडला तर सॉसचा वाडगा तसाच आत. घालायलाच विसरले! ताटात फक्त लिंबू पिळलं होतं. पण हे तर म्हणाले, "आल्याचा वास आज मस्त येतोय." ओट्यावर आलं किसलेलं होतं, त्याचा आला असेल. एवढ्या लांबून वास येतो म्हणजे सुधारणाच की.

शनिवार, २९ मार्च

लेक आता आमच्याबरोबर जेवत नाही. ताट घेऊन खोलीत जाते. ह्यांनीच आधी म्हटलं होतं, "तू जरा लांबच बस." नंतर विसरले असतील, पण तिला 'ये' असं कुणी म्हटलं नाही.

आज कोथिंबीर घेऊन तिच्या खोलीत गेले. म्हटलं, "बाबांचं मनावर घेऊ नकोस. आजारी माणूस चिडचिड करतं."

ती म्हणाली, "बाबांचं मी घेतलंच नाहीये मनावर."

"मग?"

"आई, तुला काही सांगायचंय का मला?"

"काय सांगायचंय?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हल्लीची मुलं काय बघतात असं, कळत नाही. मी म्हटलं, "कोथिंबीर निवडून दे." तिने निवडून दिली. एकेक पान वेगळं करून, देठ एका बाजूला. एवढं नीट तिने कधी केलं नव्हतं.

मला तिच्याजवळ बोलायला हवं होतं का? पण नाक सुधारतंय. सुधारलं की आजार कुणी आणला, कसा आणला, हे कोण विचारणार आहे?

गुरुवार, ३ एप्रिल

मोठ्या साहेबांचा फोन आला होता. हे अंघोळीला गेले होते, म्हणून मी घेतला. त्यांनी विचारलं, "कसं आहे नाक?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, येतंय की! रोज जेवणातलं सगळं ओळखतात." साहेबांना हायसं वाटलं. सोमवारी बदामाचा नवीन माल येतोय म्हणाले.

हे बाहेर आल्यावर सांगितलं. टॉवेल डोक्यावर तसाच राहिला. "तू सांगितलंस त्यांना?"

"मग? खोटं सांगितलं का?"

हे काहीतरी बोलणार होते. मी हसत होते, मला माहीत आहे, कारण गाल दुखत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "नाही. बरं केलंस."

सोमवारी जातील. इस्त्रीचे कपडे काढून ठेवलेत. आज सॅलडमध्ये दोन्ही रंगांच्या ढोबळ्या मिरच्या घातल्या.

सोमवार, १४ एप्रिल

बदामांची बिस्किटं दुकानांतून परत आली. खवट. अख्खा माल परत.

बदाम पास केले होते ह्यांनी.

मंगळवार, १५ एप्रिल

काल घडलं ते लिहिण्याचा धीर आज होतोय.

हे दुपारीच घरी आले. बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. मी गाजराचे लांब लांब काप करत होते. म्हणाले, "ठेव ते."

मग सांगितलं. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. फक्त एक बिस्कीट ह्यांच्या पुढे धरलं आणि म्हणाले, "हुंगा." ह्यांनी हुंगलं. "काय येतंय?" हे म्हणाले, "काही नाही." खोलीत आणखी चारजण होते आणि त्या सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले होते.

"पण तुम्हाला तर येत होता ना वास?" मी म्हटलं.

"नाही."

"आलं? तीळ? पुदिना?"

"अगं, तू आधी नावं सांगायचीस. त्यातलं एक मी परत सांगायचो." जमिनीकडे बघत होते. "तू ताट ठेवून समोर उभी राहायचीस. निकाल लागायच्या वेळी पोरं शाळेच्या फळ्यासमोर उभी असतात ना, तशी. नापास कसं करू? पहिल्या दिवशी म्हटलं, तेवढाच आनंद. मग रोजच म्हणावं लागलं. आणि तू साहेबांना सांगितलंस तेव्हा वाटलं, कदाचित डोळ्यांनी बघून जमेल. रंग, चकाकी. नाही जमलं."

सुरी माझ्या हातातच होती. मी ती ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"तू काय केलंस? फोनच घेतलास."

"तो नाही. ताप. सर्दी माझी होती. नाटकाच्या दिवशी घसा खवखवत होता. सकाळपासून. मी सांगितलं नाही. तोच कप तुम्हाला दिला."



"आणि पोरीला मी..." हे म्हणाले. वाक्य पुरं केलं नाही. मग म्हणाले, "का?"

काय सांगायचं? म्हटलं, "तुम्ही हॉलमध्ये झोपायला गेला असता. मला त्या दिवशी एकटं झोपायचं नव्हतं." तोंडातून निघाल्यावर ते किती छोटं वाटलं. एवढ्यासाठी.

हे उठले. दारात थांबून म्हणाले, "मी खोटं बोललो ते तुझ्यासाठी. तू लपवलंस ते स्वतःसाठी."

 

मग लेकीच्या दारावर टकटक ऐकू आली. तिने दार उघडलं असावं. ह्यांचा आवाज ऐकला, "चुकलो गं मी. तुला उगाच..." पुढे तिचं रडणं. मी ओट्यापाशीच उभी होते. त्या रडण्यात जायचा मला हक्क नव्हता.

गुरुवार, १७ एप्रिल

ह्यांना पॅकिंग विभागात घेतलंय. पगार तोच, स्वतंत्र खोली मात्र गेली. 'नाकसाहेब' कुणी म्हणालं का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

माझ्याशी कामापुरतं बोलतात. "दार लावून घे." "गॅस संपत आलाय." अंडी स्वतः उकडून घेतात. मी केलेलं खात नाहीत असं नाही, पण मी ताट वाढायच्या आत स्वतः वाढून घेतात.

दुपारी लेकीला म्हटलं, "मला माफ कर." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मला माहीत होतं आई."

"काय?"

"मला सर्दी झालीच नव्हती. बाबा घराबाहेर कुणाच्या जवळपास फिरकत नाहीत. उरलं कोण?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. रोज वाटायचं, आज बोलेल. कोथिंबीर घेऊन आलीस तेव्हा तर नक्की वाटलं."

आणि मी तिला ती निवडायला लावली होती.

तिने माझी साडी घडी करून माझ्या हातात दिली. नेहमीसारखी, पदर आत घेऊन. मी तिथेच बसून राहिले. मार दिला असता तर बरं झालं असतं.

सोमवार, २१ एप्रिल

दुकानात एक बाई एकाच खोलीला सात रंगांचे पडदे मागत होत्या. मी बोललेच नाही काही. मापं घेतली, कापून दिलं. मालकीणबाई म्हणाल्या, "तब्येत बरी नाही का?" म्हटलं, "घसा जरा..." आणि मग घाईघाईने, "नाही, नाही, घसा अगदी ठणठणीत आहे." त्यांनी चमत्कारिक नजरेने बघितलं.

हे अजून हॉलमध्येच झोपतात. या वेळी मला सर्दी नाही.

रविवार, ४ मे

सकाळी लेक म्हणाली, "आज ते सॅलड मी करते. तू फक्त चिरून दे." मला वाटलं, कशाला? ते सॅलड आता या घरात कुणाला बघवणार? पण तिला नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मी चिरत गेले. कोबी बारीक, गाजर लांब, काकडीच्या बिया काढून. आलं आणि लसूण मी हाताने ठेचला. तिने सॉस केला, माझ्यासारखा अंदाजाने नाही, फोनवर बघून. सोया सॉस कमी, लिंबू जास्त, आणि तिळाचं तेल शेवटी, चांगलं दोन चमचे. त्यात थोडं तिखट. चाखलं तर माझ्यापेक्षा कितीतरी बरं झालेलं.

हे पेपर वाचत होते. तिने बोलावलं, "बाबा, या. काय घातलंय ते सांगणार नाही. आणि खोटं बोलायचं नाही."

हे येऊन बसले. मी ताटासमोर उभी राहिले नाही. पाठ करून भांडी धुवायला घेतली.

दोन घास शांतपणे खाल्ले असतील. मग खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज आला, आणि हे माझ्या शेजारी येऊन सिंकमध्ये थुंकले! सगळं! कोबी, नूडल्स, शेंगदाणे, माझ्या धुतलेल्या भांड्यांवर.

"शी! काय घातलंयस यात? टायर जाळलाय कुणी?"

लेक घाबरली. "बाबा, सगळं ताजं आहे!" तिने खाऊन बघितलं, मी खाऊन बघितलं. उत्तम होतं. हे तोंड धूत होते, मधेच थांबले. ओल्या तोंडाने आमच्याकडे बघायला लागले. मग तिळाच्या तेलाची बाटली उचलली, नाकाजवळ नेली आणि मान झटकन मागे घेतली.

"घाण," म्हणाले. पुन्हा नेली. "भयंकर घाण आहे गं!"

मग जे काही झालं ते शेजाऱ्यांनी खिडकीतून बघितलं असेल तर आम्हाला वेड लागलंय असं वाटलं असेल. हे एकेक डबा उघडत होते. कॉफी? "ओला पुठ्ठा!" व्हॅनिला? "काहीच नाही." लसूण? "टायरच, पण लहान." लेक उड्या मारत डबे पुढे करत होती. प्रत्येक डब्याला हे नाक मुरडत होते, आणि मुरडता मुरडता डोळे पुसत होते. मी रविवार असूनही डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "वाकडा येतोय ना? येऊ दे. नसा उठताना आधी वाकड्याच उठतात. सरळ होईल की नाही याची हमी देत नाही, पण आलाय हे खरं." फोन ठेवताना मी त्यांना मासिकाच्या पानाचंही सांगून टाकलं. त्यांना काही कळलं नाही बहुधा.

डबे संपले. ओट्यावर सगळी झाकणं पसरलेली. हे माझ्याकडे वळले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं असेल.

"हात आण इकडे."

मी साडीला पुसून हात पुढे केला. आलं, लसूण, भांड्यांचा साबण, सगळंच होतं त्याला. ह्यांनी मनगट धरून हात नाकाशी नेला, डोळे मिटले आणि तोंड असं काही वेडंवाकडं केलं, की लेक फिदीफिदी हसत सुटली.

"काय येतंय?" मी विचारलं.

"विचारू नकोस," हे म्हणाले. हात सोडला नाही. पुन्हा एकदा हुंगला.